ओव्हर म्हणेपर्यंत

बालवाडी सुटली की मी घरी येते, डबा धुते आणि गॅलरीतल्या दिवाणावर आडवी होते. बदलापूरच्या कात्रपमधली ती वेळ मला फार आवडते. खालचा इस्त्रीवाला डुलक्या काढत असतो, शाळेच्या बसगाड्या अजून यायच्या असतात, आणि समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चादरी हळूहळू फुगून पुन्हा बसत असतात. अशा वेळी मी तळहाताएवढा वायरलेस सेट पोटावर ठेवते आणि आवाज अगदी बारीक करते. आधी नुसती खरखर येते, सुपात तांदूळ पाखडल्यासारखी. मग त्या खरखरीतून कोणीतरी हलकेच खाकरतं आणि विचारतं, "चॅनल मोकळा आहे का?" उत्तर कोणी देत नाही. तोही घाई करत नाही. मला अर्धवट झोप लागते आणि डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात माणसं पाय सोडून गप्पा मारत बसली आहेत, असं वाटत राहतं.

हौशी रेडिओ म्हणतात याला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग आपल्याला एक कॉल साइन मिळतं. हवेत नाव कोणी फारसं घेत नाही, त्या अक्षरांनीच हाक मारतात. पन्नाशी उलटलेल्या, मुलांना रंग ओळखायला शिकवणाऱ्या बाईला हे कुठून सुचलं, असं लोक विचारतात. नवरा तर म्हणाला, "घरात बोलून पोट भरत नाही वाटतं, आता हवेत बोलणार."

सुचलं ते बाबांमुळे. बाबांचं गाव नदीपलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढला त्यांनी, पण गावातलं घर आणि भाताचा तुकडा सोडला नाही. आई आजारी पडली तेव्हा दोघं माझ्याकडे राहायला आली. ती वारली तीही आमच्या आतल्या खोलीतच. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि बाबांनी पिशवी भरली. "गावाला जातो, बाय," म्हणाले. मला ते बायच म्हणतात. मी म्हटलं, एकट्याने तिकडे काय करणार? त्यावर ते काही म्हणणार, तोवर मी पुढचं बोलले होते. आमच्या दोघांचं असंच आहे. एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा सुरू. फोनवर तर विचारूच नका. मी "गोळ्या घेतल्या का" म्हणेपर्यंत ते "जेवलीस का, ठेव" म्हणून फोन ठेवून मोकळे होतात.

मग एका पावसाळ्यात नदी चढली. पूल पाण्याखाली गेला, गावाकडचे मोबाइल टॉवर बंद पडले. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोन लावायचा, फोनमधली ती मुलगी तेच तेच वाक्य ऐकवायची, आणि मी पुन्हा लावायची. बाबा जिवंत आहेत की नाहीत, हे सांगणारं जगात कोणी नव्हतं. रस्ता सुटल्यावर चिखल तुडवत गेले तर हे ओट्यावर गोधड्या वाळत घालत होते. वर मलाच विचारतात, "एवढ्या चिखलात कशाला आलीस?" मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्याकडे चला म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या चौथ्या मजल्यावर मना नाय जमत." का जमत नाही, ते पुन्हा राहिलंच. मी तडातडा बोलले आणि तडक निघून आले. पण येताना मनाशी पक्कं केलं की पुन्हा असं आंधळं होऊन बसायचं नाही.

उल्हासनगरला साउंडचे अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक सिंधी अंकल आहेत. बालवाडीच्या गॅदरिंगचा स्पीकर मी त्यांच्याकडूनच आणते. त्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एक मोठा सेट सतत कुजबुजत असायचा. मी एकदा विचारलं, फोन बंद पडले तरी हे चालतं का? त्यांनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "टीचर, फोन बंद पडले की मगच हे खरं चालतं."

मला वाटलं, पैसे दिले की सेट मिळेल आणि मी बोलायला लागेन. अंकलनी मला फक्त ऐकायचा डबा दिला, बोलायची सोयच नसलेला. "पहले सुनो. लायसन आने तक सिर्फ सुनना. परवान्याशिवाय बटण दाबलं तर गुन्हा आहे, साईं." मी नाक मुरडलं, पण डबा घेऊन आले.

ते ऐकण्याचे महिने मला आता एखाद्या लांब दुपारच्या झोपेसारखे आठवतात. कोणी अलिबागकडचा समुद्राच्या वाऱ्याचं सांगायचा. कोणी नवीन अँटेना बांधून विचारायचा, मी कसा ऐकू येतोय? दुसरा म्हणायचा, पाण्याखालून बोलल्यासारखा. भाजी निवडताना, वह्या तपासताना, अंबरनाथच्या शिवमंदिराकडून येणाऱ्या रिक्षात बसल्या बसल्या मी ऐकत असायची. या माणसांचे चेहरे मला माहीत नव्हते, पण कोण बोलण्याआधी श्वास घेतं आणि कोण घेत नाही, ते कळायला लागलं होतं. रात्री अभ्यास करायची. विजेचे नियम, कायदे, आणि परदेशी अक्षरमाला, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. आयुष्यभर "क कमळाचा" शिकवलेल्या बाईने हे घोकताना पाहून नवरा हसून लोळायचा.

परीक्षा पास झाले. कागद यायला बराच काळ लागला, सरकारी काम. आल्यावर अंकलनी बोलता येणारा सेट हातात दिला आणि म्हणाले, "बोलो." मी बटण दाबलं आणि सुटलेच. चॅनलवर कोणीतरी आधीच बोलत होता, ते माझ्या गावीही नव्हतं. पोटमाळ्यावरच्या मोठ्या सेटमधून कर्कश शिट्टी निघाली. अंकलनी माझा अंगठा उचलून बाजूला केला. "इसमें दोनों एक साथ बोले तो दोनों का गया. बटण दाबलं असेल तोपर्यंत आपल्याला काही ऐकू येत नाही. आपलं बोलून झालं, ओव्हर म्हणायचं, बटण सोडायचं. फिर चुप." माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती. पहिले काही दिवस समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मी पदर चावत बसायची.

सोसायटीच्या चेअरमननी गच्चीवरच्या पाइपाला हरकत घेतली. टीव्हीच्या जुन्या चपट्या वायरीचा अँटेना होता तो, प्लास्टिकच्या पाइपात घातलेला. त्यांचं म्हणणं, रेडिएशनने केस गळतील. चेअरमनना मुळात केस नाहीत. मी तोंडावर आलेलं गिळलं आणि त्यांना गच्चीवर नेऊन सकाळची हजेरी ऐकवली. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, एकेक जण कॉल साइन सांगून आपण आहोत एवढंच कळवत होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पाइप राहिला.

बाबांना मी हे सगळं सांगितलं होतं. "एक सेट गावात हवा," म्हटलं. ते म्हणाले, "मना कोणाला काय सांगायचंय?" आणि फोन ठेवला.

पुन्हा पाणी आलं ते दिवसाढवळ्या आलं. सकाळी हजेरी चालू असतानाच वीज गेली, मग फोन गेले. डोंगरावरचं यंत्र आमचे क्षीण आवाज झेलून पुढे पाठवायचं, तेही बंद पडलं. अंकल उल्हासनगरहून सगळ्यांचं नियंत्रण करत होते. आमच्यातली अंबरनाथ पूर्वेची एक नर्स मदतीच्या बोटीबरोबर नदीपलीकडे गेली होती. तिचा आवाज डोंगराआडून उल्हासनगरला पोचत नव्हता. माझ्या गच्चीवर मात्र पोचत होता. म्हणून तिचं बोलणं मी ऐकायचं आणि शब्दशः अंकलना सांगायचं, असं ठरलं.

डोक्यावर छत्री, मांडीवर सेट. कोणाला बाळंतपणासाठी हलवायचं होतं, कोणाचं इन्सुलिन संपलं होतं. मी एकेक निरोप पुढे देत होते. नर्स कोणत्या गावाजवळून बोलतेय ते मला ठाऊक होतं, पण बाबांचं विचारलं नाही. ज्याला बोट हवी त्याचा निरोप आधी, हा नियम. सगळं स्वप्नात चालल्यासारखं संथ वाटत होतं. समोर पाऊस आणि धुकं, मध्ये नदी, आणि त्यातून एका बाईचा शांत आवाज.

मग ती म्हणाली, "गावातले सगळे शाळेत आणले. एक आजोबा येत नाहीत. विहाराच्या मागचं घर. पाणी ओट्यावर चढलंय. ते माळ्यावर बसलेत, खाली उतरायला तयार नाहीत. बोटीची ही शेवटची फेरी. ओव्हर."

विहाराच्या मागे एकच घर आहे.

मी तो निरोप जसाच्या तसा अंकलना दिला. मग म्हटलं, "ते माझे वडील आहेत. ओव्हर."

अंकल म्हणाले, "टीचर, परवाना नसलेल्याच्या हातात माइक देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आज देना पड़ेगा. बाकी सब स्टेशन चुप. नर्सला सांगा, सेट बाबांना द्या. बोलो, टीचर."

नर्स पाण्यातून आमच्या घरात शिरली, शिडी चढली. तिने सेट बाबांच्या हातात दिला असावा, कारण मी बटण सोडलं तर बाबांच्या वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू आलं. आम्ही दोघं एकदम बोललो होतो. मागून नर्सचा आवाज आला, "आजोबा, आधी ताईंना बोलू दे. त्यांचं झालं की तुम्ही."

मग मी बोलले. पाणी चढतंय, कशासाठी बसलाय, भातासाठी? भिंतींसाठी? मी इथे मेल्यासारखी होते मागच्या वेळी. मला आई नाही, आता तुम्हीही नकोत का? माझं सगळं बोलून झालं. त्यांनी मध्ये तोडलं नाही, कारण त्यांना तोडताच येत नव्हतं. मी ओव्हर म्हटलं आणि बटण सोडलं.

खरखर. पाऊस. मग बाबा.

"बाय," ते म्हणाले. मोठ्याने बोलत होते, शेताच्या बांधावरून हाक मारावी तसे. "भात काय, गेलाच वाहून. भाताचं नाय." माझा अंगठा आपोआप बटणाकडे गेला. मी तो दुसऱ्या मुठीत धरून ठेवला. "तुझी आई त्या आतल्या खोलीत गेली. तू मना तिथेच बिछाना घालतेस. डोळे मिटले की तिचा श्वास ऐकू येतो, शेवटी चालला होता तसा. सकाळी उठून तुला सांगीन म्हणायचा मी. सांगायला यायचा, तू चहा ठेवायचीस, पंखा लावायचीस, बोलतच राहायचीस. मना वाटायचं, कशाला पोरीच्या घरात तिची आई पुन्हा मारा. म्हणून आलो इकडे. इथे ती चालती-फिरती आठवते." मागून नर्सने काहीतरी सांगितलं. "झालं माझं. काय म्हणायचं ते? ओव्हर."

एवढं सलग बोललेले बाबा मी जन्मात ऐकले नव्हते.

मी बटण दाबलं. बदलापूर ते उल्हासनगर सगळे ऐकत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. "बाबा," मी म्हटलं, "मलाही ऐकू येतो. रोज. त्या खोलीचं दार मी रात्री ओढून घेते ते त्यासाठीच." हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. "तुम्ही हॉलमध्ये झोपा. मीही तिथेच अंथरूण घालते. ऐकू आला तर दोघांना येईल. या, बाबा. ओव्हर."

बटण सोडलं. गच्चीवरचं पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं.

मग नर्स म्हणाली, "ताई, आजोबा उतरले शिडीवरून. पाण्यात हात घालून चप्पल शोधतायत. ओव्हर."

लगेच उल्हासनगरहून अंकल, "टीचर, उधर से क्या आया? मला फक्त तुमचंच ऐकू आलं. बोला. ओव्हर."

मी बटण दाबलं. "वडील चप्पल शोधतायत," एवढं सांगितलं आणि ओव्हर न म्हणताच बटण सोडलं.