सत्यभामाताईंचा उजवा अंगठा

सत्यभामाताई मेश्राम बोलत असल्या की मी त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघते. एक वाक्य संपलं की तो मांडीवर हलकेच दोनदा टेकतो. नवा विषय निघाला तर लागोपाठ पाच वेळा. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, कुणाकडे भेटायला गेलेल्या असतानासुद्धा त्याचं काम चालू असतं. त्यांना हे ठाऊक नाही आणि मीही कधी सांगितलेलं नाही.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. वडील रेल्वेच्या नोकरीत गोंदियाहून इकडे आले आणि ताई इथल्याच झाल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली अक्षरांचा तक्ता, त्याखाली ओळीने मशिनं. मी शाळेत शिकवून घरी जायची तेव्हा ताईंचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा, "काहून थांबला रे पोट्ट्या? मशीन तुले आपल्या मनानं जागा सोडून देणार हाय का? अंगठा कायले दिला देवानं?"

हा त्यांचा पहिला धडा. कागदावर जी अक्षरं दिसतात ती तर कुणीही बघतो, ताई रिकाम्या जागा बघायच्या. दोन शब्दांत एक, पूर्णविरामानंतर दोन, परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच. प्रत्येक जागा अंगठ्याने दिलेली असली पाहिजे.

दुसरा धडा याहून कडक होता. खोडायचं नाही. क्लासची मुलं ज्या परीक्षांना बसत, तिथे खोडायला परवानगी नसे. कागद बिघडला तर तो काढायचा, नवा लावायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. पुढे मशिनं जाऊन कॉम्प्युटर आले. मुलांनी बॅकस्पेसचं बटण पाहिलं आणि दिवाळी आल्यासारखी ती खूश झाली. ताईंनी दोन-तीन दिवस पाहिलं. मग एका दुपारी पेचकस घेतला आणि साऱ्या कीबोर्डांवरची ती बटणं उपटून बिस्किटांच्या डब्यात टाकली. शेजारचं डिलीटही सोडलं नाही. त्या जागी राहिली नुसती भोकं. त्यांचा एक विद्यार्थी राकेश आता सरकारी कार्यालयात मोठा बाबू आहे. तो भेटला की सांगतो, "मॅडम, दफ्तर में आज भी हाथ ऊपर नहीं जाता. डर लगता है."

मोबाइल आले, क्लासमधली गर्दी ओसरली, एक दिवस क्लास बंद झाला. ताईंनी एक जाडजूड कीबोर्ड आणि तो बिस्किटांचा डबा तेवढा घरी आणला.

घरी धाकटा भाऊ मारोती आणि त्याची मुलगी मोनाली. मोनालीची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून तिची वेणी, डबा, ताप सारं ताईंनी पाहिलं. फक्त टायपिंग तेवढं त्यांना तिला शिकवता आलं नाही. ती प्रोग्रामर झाली, दिवसभर कॉम्प्युटरवर लिहिते, पण दोन बोटांनी. आणि लिहिते त्याहून जास्त खोडते. "माह्याच घरात असं पोट्टं निपजावं!" ताई कपाळाला हात लावून म्हणत.

मागच्या हिवाळ्यात मोनालीला बेंगळुरूच्या एका कंपनीने एक काम करून पाठवायला सांगितलं. ते पसंत पडलं तर नोकरी, आणि तीही रायपूरला घरी बसून. नाही पडलं तर हैदराबादची नोकरी हातात होतीच, पण तिकडे राहायला जावं लागणार होतं. ताई तोंडाने म्हणत होत्या, "जा की, जग पाहा." पण त्या आठवड्यात त्यांच्या भाजीत दोनदा मीठ नव्हतं.

काम रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं होतं. शुक्रवारी पंडरीच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या हातगाडीला चुकवताना मोनालीची स्कूटी घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि लॅपटॉपची उजव्या बाजूची बटणं मेली. तिने कंपनीला मुदत वाढवून मागितली, पण शनिवार उजाडला तरी उत्तर नव्हतं.

मी विचारपूस करायला गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता, त्याला तो जाडजूड कीबोर्ड जोडला होता आणि त्याच्यासमोर ताई ताठ बसल्या होत्या, मनगटं उचललेली, नजर पडद्यावर. मोनाली शेजारच्या खुर्चीत.

"लिखो बुआ. फॉर. स्पेस. पेशंट. स्पेस..."

"स्पेस सांगू नको. थे माह्या अंगठ्याले समजते."

दवाखान्यातल्या रुग्णांना डॉक्टरच्या भेटीची आदल्या दिवशी मेसेजने आठवण करून देणारा तो प्रोग्राम होता. मोनालीने मला समजावलं, की त्या भाषेत कोणती ओळ समासापासून किती आत आहे यालाच अर्थ असतो. मला ते माझ्या वर्गासारखं वाटलं. प्रत्येक मुलाने करायच्या गोष्टी आत लिहायच्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर एकदाच फळा पुसायचा, ती ओळ बाहेर. ती चुकून आत गेली तर दर मुलामागे फळा पुसला जाणार.

ताईंना चार जागा आत म्हणजे काय, हे सांगायला लागलं नाही. एंटर, अंगठ्याचे चार ठोके, ओळ. पण पडद्यावर भलतंच होऊ लागलं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी आत सरकत होती. थोड्या वेळात सारा मजकूर जिन्यासारखा उजव्या कोपऱ्याकडे उतरत गेला.

"बुआ, ये क्या कर रहे हो? वो खुद ही स्पेस देता है!"

"कोन देते?"

"एडिटर. जिसमें लिख रहे हैं."

"काहून देते? म्या मागितली होती का?"

मोनालीने सांगितलं, की एंटर दाबलं की एडिटर आधीच्या ओळीइतक्या जागा आपणहून सोडतो. ओळीच्या शेवटी कोलन असेल तर पुढची ओळ आणखी एक पायरी आत नेतो. एडिटरच्या चार आणि ताईंच्या चार, म्हणून हा जिना.

ताईंनी अंगठा दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "बरं. मी नाही देत. पन मंग थे ओळ बाहेर कधी येते?"

"वो उसको नहीं पता चलता. हमको बताना पड़ता है."

"कसं?"

"बैकस्पेस से."

दोघींनी कीबोर्डवरच्या भोकाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मोनालीला दुसरा एक मार्ग माहीत होता. शिफ्ट आणि टॅब ही डाव्या बाजूची बटणं एकत्र दाबली की ओळ बाहेर येते. तिचा डावा हात धड होता. पण ताईंची बोटं मधल्या रांगेवर मांडलेली, आणि दर दोन ओळींनी त्यांच्यात तिचा हात घुसायचा.

"हात काढ! परीक्षेत दुसऱ्याच्या मशीनले हात लावला त मी पोट्ट्याले बाहेर काढत होती."

"बाहर ही तो लाना है बुआ, इस लाइन को!"

शेवटी मोनालीने हात टेकले आणि एडिटरची ती आपोआप जागा सोडायची सोय बंद करून टाकली. आता प्रत्येक ओळ समासापासून सुरू, आत जायचं तेवढं ताईंच्या अंगठ्याने, खोडायचं काही नाही. मोनाली खोलीत फेऱ्या मारत नुसतं म्हणायची, "अंदर", "दो अंदर", "बाहर". ताईंची बोटं तिच्या मागोमाग धावत होती, चुकत नव्हती. मोनाली मध्येच थांबून बघत राहिली. "बुआ, आप तो रुकते ही नहीं."

"थांबायचं काहून?" ताई म्हणाल्या. पण गाल लाल झाले होते.

रविवारी दुपारी मी पुन्हा गेले तेव्हा दोघी पडद्यापुढे वाकून बसल्या होत्या. प्रोग्राम लिहून झाला होता, पण चालवून पाहिला तर रुग्णांना मेसेज नीट जात होते आणि डॉक्टरला एकच यादी जायची ती दर रुग्णामागे एक अशी जात होती. मोनाली "बाहर" म्हणायला विसरली होती. ती ओळ बाहेर काढल्यावर दुसरीच चूक दिसली. मधला मोठा तुकडा तिनेच चुकीचा रचला होता. तो बदलून, चालवून, पुन्हा बदलून बघावा लागणार होता. तिचं काम असंच चालतं, खोडत खोडत.

ताईंचं काम तसं चालत नाही. मोनालीने एक शब्द बदलायला सांगितला की त्या म्हणायच्या, "नवा कागद दे," आणि कोऱ्या पानावर अगदी पहिल्या ओळीपासून सारं पुन्हा टाइप करायच्या. वेगाने, बिनचूक. ते संपेपर्यंत मोनालीला आणखी एक बदल सुचलेला असायचा. मग पुन्हा नवा कागद. मोनाली डाव्या हाताच्या एका बोटाने स्वतः करू गेली तर तिच्याकडून शब्द आणखी मोडत होते. घड्याळात पाच वाजत आले होते.

"छोड़ दो बुआ," ती अचानक म्हणाली. डोळे भरले होते. "नहीं होगा. हैदराबाद चली जाऊँगी, और क्या."

ताईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"एक सांग. हे परीक्षा हाय का काम?"

"क्या मतलब?"

"परीक्षा हाय, का काम हाय?"

"काम है."

"कामात खोडतेत?"

"बुआ, काम में तो खोडना ही ज़्यादा होता है."

ताई उठल्या. आतून बिस्किटांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. कितीतरी बॅकस्पेस बाहेर पडले. काहींवरचा बाण मळून गेलेला. एकेक लावून बघत त्यांनी नेमका बसणारा शोधला, भोकावर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. टक् आवाज झाला. मग उजव्या हाताची करंगळी वर नेली, अवघडून, एखाद्या अनोळखी घराची कडी वाजवावी तशी. एक अक्षर गेलं. आणखी एक गेलं.

"आता थे आपोआपवालंही चालू कर," त्या म्हणाल्या. "त्याले आत जाऊ दे. बाहेर मी आनते."

पुढचा तास मी खुर्चीवर नुसती बसून होते. मोनाली सांगत होती, चुकत होती, "नहीं नहीं, वो हटाओ" म्हणत होती. ताई काढत होत्या, लिहीत होत्या. एंटर दाबलं की अंगठा सवयीने उठायचा, स्पेसच्या पट्टीवर तरंगायचा आणि न टेकता परत जायचा. एडिटर त्याचं आतलं काम करत होता आणि करंगळी ओळ बाहेर आणत होती. मारोती सिलतऱ्याच्या प्लांटमधली पाळी संपवून आला आणि हातातला डबा न ठेवताच दारात उभा राहिला. बहिणीला खोडताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

सहाला थोडा वेळ असताना काम गेलं. ताई म्हणाल्या, "चहा ठेव रे मारोती," आणि बोटं मोडत बसल्या.

दहा-बारा दिवसांनी मोनालीला फोन आला. काम पसंत पडलं होतं. बोलणाऱ्याने शेवटी हसून विचारलं, कोडमध्ये अधूनमधून समजावून सांगणारी जी साधी वाक्यं लिहिली आहेत, त्यांत प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन जागा कशा? आजकाल असं कुणी लिहीत नाही.

"मेरी बुआ ने टाइप किया है," मोनालीने सांगून टाकलं.

प्लास्टर निघालं. मोनाली आता त्याच कीबोर्डवर काम करते, दोन बोटांनी, दिवसभर खोडत. आतल्या खोलीत ताईंना सारं ऐकू येतं. कधीतरी एवढंच, "पोट्टे, करंगळीनं दाब, त्या बोटानं नाही."

परवा ताई मला राकेशच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या. वाक्य संपलं, अंगठा मांडीवर दोनदा टेकला. नवऱ्या मुलाचं गाव त्यांनी दुर्ग सांगितलं. मग थांबून म्हणाल्या, "दुर्ग नाही, राजनांदगाव." आणि मी पाहिलं, बोलता बोलता त्यांची करंगळी मांडीवर थोडी वर सरकली आणि दोनदा हलकेच दबली.