"घेतलं" म्हणजे घेतलं

बायकांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे आक्का म्हणत, डॉक्टरही आणि झाडूवालीही. घरी मात्र थोरली जाऊ अजून "आमच्या नर्सबाई" म्हणून नाक मुरडायची. आक्का हसायच्या. "जाऊबाई, एकदा पडा आजारी, मग बोलू."

आक्कांच्या वॉर्डाची एक रीत होती. कामाची पाळी बदलताना जाणारी आणि येणारी, दोघी सिस्टर प्रत्येक खाटेशी उभ्या राहत. झोप लागली का, काय खाल्लं, कुठे दुखतंय, सगळं पेशंटच्या देखत बोलायचं; चुकलं तर पेशंटनेच टोकायचं. शेवटी येणारीने म्हणायचं, "घेतलं." देवाचं नाव घ्यावं तसा तो शब्द. एकदा तोंडातून गेला की ते माणूस पाळी संपेपर्यंत तिचं.

यात अर्धा तास जाई, आणि तोच नव्या मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांत खुपला. "एका कामाला दोन-दोन माणसं उभी! पुढच्या महिन्यापासून बंद. जाणारीने लिहावं, येणारीने वाचावं."

आक्कांना दिसत होतं: तो अर्धा तास गेला तर खाटा भरलेल्या राहतील, पण कोण कुणाचं हेच कळायचं नाही. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, मोडायच्या आधी एकदा उभं राहून तरी बघा."

दुपारी साहेब आले. खिडकीशेजारच्या खाटेवर कंबरेचं हाड मोडलेल्या आजी होत्या. सकाळची सिस्टर त्यांचं सांगत होती, साहेबांचं लक्ष फोनमध्ये. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी विचारलं, "साहेब, पाणी घेतलंत ना?"

"हो हो, घेतलं, घेतलं."

आजींनी मान वळवली. "अगं बाई! दोनदा म्हणाला. म्हणजे आज मी याची."

वॉर्ड खो खो हसला. साहेब गोरेमोरे होऊन निघाले, तर आजी ओरडल्या, "घेतलं म्हणायचं आणि पळायचं? हा कुठला न्याय?"

आक्कांनी मनात म्हटलं, देवा, तूच धाडलंस. "साहेब, शब्द गेलाय तुमचा. उचलणं-बसवणं सिस्टर करतील. तुम्ही फक्त जवळ बसा."

"अहो, मीटिंग आहे मला!"

"मीटिंग थांबेल. आजींचं तसं नाही."

सगळ्या बायका टक लावून बघत होत्या. साहेब स्टुलावर टेकले. पेला पुढे केला की आजी तोंड फिरवायच्या. बऱ्याच मनधरणीनंतर त्या हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जावं लागतं रे. उठवायला दोघी लागतात. त्या पोरी आधीच धावतायत, कितीदा हाका मारू?"

रात्री पाळी बदलली तेव्हा खाटेशी साहेब उभे होते, बाह्या सरसावून. पुढच्या सिस्टरला म्हणाले, "आजी पाणी नको म्हणतात, पण त्यांना तहान असते. हाक मारायची लाज वाटते. तुम्हीच मधूनमधून विचारा."

"लाज नव्हे, संकोच," आजींनी दुरुस्त केलं.

"घेतलं," सिस्टर म्हणाली.

बाहेर आल्यावर साहेब जरा घुटमळले. "आक्का, मी लिहिलं असतं तर 'पाणी कमी पितात' एवढंच लिहिलं असतं. अर्धा तास राहू द्या."

"तो राहीलच. पण आजी तहानेल्या का राहतात, ते ऐकलंत ना? दर पाळीला एक माणूस वाढवा. आणि नव्या मुलींना शिकवायला मला वेळ द्या. आल्या दिवशीच कामाला जुंपू नका."

"बोट दिलं तर हात धरता तुम्ही!"

"हात धरायलाच तर ठेवलंय आम्हाला."

साहेबांना वरच्या मंडळींकडे खेटे घालावे लागले, पण नव्या मुली आल्या. पहिल्याच दिवशी एक जण इंजेक्शनचा ट्रे घेऊन लगबगीने निघाली. आक्कांनी तिला दारातच थांबवलं. "सुई मग. आधी खाटेवरच्या बाईंना तुझं नाव सांग."