नासेरची विहीर

पुसेगावच्या ओढ्यातला गाळ काढायला अख्खं गाव उतरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त अमृतराव राबले. पावसाळा सरला आणि तुडुंब भरली ती शेजारच्या नासेरची विहीर. अमृतरावांच्या विहिरीत जेमतेम कमरेएवढं पाणी. बाहेरगावचे लोक काम बघायला आले, त्यांनी फोटोही नासेरच्याच विहिरीचे काढले. अमृतरावांचा नुसता जळफळाट झाला.

पौषात त्यांची हळद सुकू लागली. नासेर बांधावर आला.

"अमृतभाऊ, माझ्या विहिरीत पाइप टाका की. गाळ तर समद्यांनीच काढला."

"मला काई गरज न्हाई," अमृतराव तुटकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, पद्माबाईनं, स्वतःच पाइप ओढून नेला. हळद तरारली. अमृतराव गुमान पाणी देऊ लागले, पण त्या विहिरीत डोकावायचं टाळत. डोकावलं की पोटात दुखायचं.