माझी दहा मिनिटांची डॉक्टरकी

चहा उकळतोय तोवर माझीच एक फजिती ऐकून घ्या. फक्त घरी जाऊन बायकांना सांगू नका. माझीला अजून ती अर्धीच ठाऊक आहे!

अकोल्यात माझं दवाखान्याच्या सामानाचं दुकान. थर्मामीटर, सुया, पट्ट्या आणि ती गळ्यात घालायची नळी, स्टेथोस्कोप. वडील गेले, शाळा सातवीत सुटली, गादीवर बसलो. पण जीव अडकला डॉक्टरकीत! कंपन्यांची इंग्रजी सूचीपत्रं मी डिक्शनरी उघडून वाचायचो. वीस वर्षं नळ्या विकल्या, पण एकही कानाला लावली नाही. आपला काय अधिकार? कोणीतरी एकदा आपल्याला 'डॉक्टर' म्हणावं, एवढीच हौस. आता या हौसेवर कोणतं औषध देणार, सांगा?

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अमरावतीचे एक मोठे डॉक्टर दर रविवारी खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना शिकवत, लेकराची छाती खाटेपाशीच कशी ऐकायची ते. मोठ्यांची नळी लेकरांच्या छातीवर मावत नाही, म्हणून त्यांनी पत्र लिहून माझ्याकडून लहान तोंडाच्या डझनभर मागवल्या. म्हटलं, या खेपेला स्वतःच घेऊन जाऊ!

निघताना मी लग्नातला काळा कोट चढवला.

"कावून जी, कोणाचं लगन हाय?" बायको म्हणाली.

"माल पोचवाचा हाय."

"मालाले कोट लागते?"

एक नळी मी गळ्यातही अडकवली होती. नमुना म्हणून हो!

अमरावतीच्या दवाखान्यात शिपायानं कोट पाहिला, नळी पाहिली, सलाम ठोकला आणि मला थेट पहिल्या रांगेत बसवलं. 'मी दुकानदार' म्हणायला तोंड उघडलं... आणि मिटलं. शेजारी धारणीचा तरुण डॉक्टर.

"तुमी कुठं असता, सर?"

"अकोल्याले."

खोटं बोललो का मी?

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी बोट केलं. "कोटवाले, तुम्ही या पुढे."

खाटेवर भातकुलीची एक बाई, मांडीवर दीड वर्षाचं पोर. आठ दिवसांचा खोकला. तिनं माझ्याकडे अशा आशेनं पाहिलं की खरं बोलायची हिंमतच झाली नाही. नळी कानात घातली, पोराच्या छातीवर टेकवली.

सामसूम!

डावीकडे सरकवली, उजवीकडे, पाठीवर. काही नाही!

"ठोके कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाहीत, साहेब."

"नाहीत?"

मी गुपचूप नळी स्वतःच्या छातीला लावली. तिथंही सामसूम! म्हणजे मीही गेलो? दरदरून घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, याचं हृदय बंद पडलं!"

बाईनं हंबरडा फोडला. पोरानं, हृदय बंद असूनही, तिच्या वरताण!

डॉक्टरांनी माझ्या हातातून नळी घेतली, तिच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि टाचणीनं आतून कापसाचा बोळा ओढून काढला.

"हा बोळा तर मी ओळखतो," ते म्हणाले. "तुम्ही अकोल्याचे शेटजी का?"

आता बघा, अकोल्यात कापसाच्या जिनिंग गिरण्यांची धूळ. माल खराब होऊ नये म्हणून प्रत्येक नळीत मी माझ्या हातानं बोळा ठासायचो. तो काढायचं काम गिऱ्हाइकाचं!

सगळी रांग खो खो हसली. डॉक्टरांनी मात्र पोराची छाती ऐकली, खोकला उतरतोय म्हणून बाईला धीर दिला आणि मोकळी नळी माझ्यापुढे धरली. "आलाच आहात, तर आता खरंच ऐका."

मी लगेच कानात घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... मी वाकलो, तशी बाईनं पोराला पदराखाली ओढलं.

"नाई जी! बाकीच्या समद्याइले तपासू द्या, पण या डाक्टरले माह्या पोराले हात लावू देऊ नका!"

लोक पुन्हा हसले. मी नळी घेऊन तसाच उभा. हसा, तुम्हीही हसा! पण सबंध वऱ्हाडात मला डॉक्टर म्हणणारं माणूस आजवर ते एकच.