बिजोयाच्या सह्या

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हावड्याहून परतीच्या फेरीबोटीत होते. बोट नदीच्या मध्यावर. रस्त्यावर असते तर बस सोडून टॅक्सी केली असती, नाहीतर पळत तरी सुटले असते. पाण्यावर काय करणार... कठडा धरून नुसती उभी राहिले. आणि खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, सोमवारी सुनावणी आहे, आता बोलणार कोण?

सुनावणी आमच्या गल्लीची होती. बालीगंजच्या मागच्या अंगाची ही अरुंद गल्ली. वॉर्डांच्या नव्या आखणीत तिच्या बरोबर मधून रेघ गेली होती. डावीकडची घरं आहे त्याच वॉर्डात, उजवीकडची शेजारच्या. नकाशात ते काहीच दिसत नाही. पण पावसाळ्यात आमच्याकडे गुडघाभर पाणी तुंबतं आणि ते उपसणारा पंप एकच, गल्लीच्या तोंडाशी. वॉर्ड दोन झाले की पंप कुणी चालवायचा? दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवणार आणि पाणी मात्र दोन्हीकडच्या घरांत शिरणार. गल्ली एकाच वॉर्डात राहू द्या, एवढंच भाऊकाकांचं म्हणणं होतं.

ते जन्मापासून इथलेच. चष्म्याचं दुकान वडिलांपासूनचं. घरचे त्यांना भाऊ म्हणायचे, गल्लीनं त्याला बंगाली दादातला ‘दा’ जोडून ‘भाऊदा’ केलं. माणूस एका जागी बसून बोललेला मला आठवत नाही. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, आणि तो बिचारा आंधळ्यासारखा त्यांचं ऐकत राहायचा. माझे वडील फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या स्वयंपाकघरात होते. निवृत्त झाल्यावर आम्ही या गल्लीत, भाऊकाकांच्याच इमारतीत, भाड्याच्या खोलीत आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. बी.कॉम. झाले तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, कौतुक केलं. भाऊकाका म्हणाले, “बरं झालं. आता पालिकेला पत्रं तू लिहायचीस. माझं इंग्रजी काचा विकण्यापुरतं.” तेव्हापासून गटाराचं, दिव्याचं, पंपाचं, प्रत्येक पत्र मी लिहिलं. हरकतीचा अर्जही मीच लिहिला.

त्यावर सह्या घ्यायला त्यांनी बिजोयाचा मुहूर्त धरला. दुर्गा विसर्जनानंतर इथे लोक एकमेकांच्या घरी जातात, थोरांच्या पाया पडतात, गोड खातात. भाऊकाकांचा त्यातच दसरा असायचा. बागेतल्या कांचनाची पानं आपट्यासारखीच दिसतात. ती पिशवीत भरून दारोदार ‘सोनं’ वाटत फिरायचे. या वेळी पिशवीत अर्जही होता. मी बरोबर होते. एकही घर नाही म्हणालं नाही. घरी परतताना ते अक्षरशः उड्या मारत चालत होते. “बघितलंस? अख्खी गल्ली एक आहे.”

पहिल्या सुनावणीला पालिकेच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “ठीक आहे, गल्ली तोडत नाही. कोणत्या वॉर्डात टाकू?”

“आहे त्याच,” भाऊकाका म्हणाले.

मागून उजवीकडच्या घरांतल्या मिनूबौदी, म्हणजे मिनूवहिनी, उठल्या. “आम्हाला शेजारच्या वॉर्डात जायचंय. आरोग्य केंद्र त्यांचं जवळ आहे.”

“पण बौदी, सही केलीत ना तुम्ही?”

“भाऊदा, तुमच्या पाया पडून उठले तोच तुम्ही पेन पुढे केलंत. तोंडात नारळाचा लाडू. बिजोयाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.”

सगळी खोली हसली. भाऊकाकाही हसले, पण जरा उशिरा. साहेब म्हणाले, आधी आपसात ठरवून या.

मग ते पुन्हा दारोदार गेले. या वेळी पानं नाहीत, गोड नाही, “पाणीसुद्धा नको, आधी बोला.” शुक्रवारी जिन्यात भेटले, तीच शेवटची भेट. एक पायरी चढायचे, एक उतरायचे. “मिनूच्या सासूला इंजेक्शनसाठी रिक्षात घालून लांब नेतात गं. जवळचं केंद्र, तुमचा वॉर्ड वेगळा, म्हणून परत पाठवतं. समोरच्या घरातलं, आणि मला माहीत नाही... सोमवारी दोन्ही बाजूंचं सांगायचं.”

मी चिडले. “मग रेघ तशीच राहील, काका. पंपाचं काय?”

“ते मलाही सुचत नाहीये,” म्हणाले, आणि माझा चष्मा न घेताच वर गेले.

सोमवारी मी गेले. दोन्ही बाजूंचं सांगितलं. त्यांच्या इच्छेविरुद्ध बोलतेय की त्यांच्याच इच्छेनं, हे बोलतानाही कळत नव्हतं. अजून कळत नाही. काही दिवसांनी निकाल आला. रेघ मधोमधच. डावीकडचे दत्तबाबू मासळीबाजारात मला ऐकू जाईल असं म्हणाले, “शिकलेली मुलगी पाठवली, तिनं गल्ली तोडून आणली.” लागलं मला ते. भाऊकाका असते तर कदाचित दत्तबाबूंचा चष्मा काढून पुसला असता, एवढंच. मला तेही जमत नाही.

गेल्या रविवारी काकूंनी भाऊकाकांची पुढची खोली उघडली. पंपासाठी एकच अर्ज, दोन्ही ऑफिसांना द्यायचा. दोन्हीकडची माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या. काकूंनी दारातच सांगितलं, “आधी वाचा. मग सही. चहा त्यानंतर.”

मिनूबौदींनी ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि माझ्याकडून पेन मागून एक वाक्य खोडलं. ‘आमची गल्ली एकच आहे.’ भाऊकाकांचं वाक्य होतं ते, मी मुद्दाम घातलेलं. “हे काढ,” त्या म्हणाल्या. “दोन आहेत आता. पंप एक हवा, तेवढं लिही.”

“ते वाक्य राहणार,” दत्तबाबू म्हणाले. “नाहीतर मी सही करत नाही.”

“नका करू. पाणी आधी तुमच्याच जिन्यात चढतं.”

तासभर भांडण झालं. कुणी रागावून उठलं, परत येऊन बसलं. अर्ज अजून गेलेला नाही. चहा कुणालाच मिळाला नाही. सगळे गेल्यावर मी खुर्च्या भिंतीला लावायला घेतल्या, तर काकूंनी हात धरला.

“असू देत तशाच,” म्हणाल्या. “रविवारी परत येतील.”