रंग पायजे का लाइट?

आज गेटला ऑइलपेंट लावला आणि त्या वासानं मला थेट सालेकशाला, सासऱ्यांच्या अंगणात नेऊन उभं केलं.

बायकोला आणि दीड महिन्याच्या लेकीला घरी आणायला मी जीप घेऊन गेलो होतो. त्याआधी जीप एका ट्रॉलीला घासली, म्हणून मी हौसेनं पुढून नवा रंग मारून घेतला होता. तेव्हापासून उजवा हेडलाइट सारखा विझायचा. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, तरी तेच! दिवस कलला होता आणि पुढे जंगलाचा रस्ता.

शेवटी बॅटरीच्या मायनसपासून एक वायर थेट दिव्याला लावून पाहिली. लख्ख पेटला! म्हणजे दिव्याची अर्थिंगची वायर उघड्या लोखंडाऐवजी माझ्या लाडक्या रंगावर कसली होती आणि रंगातून करंट नीट जात नव्हता. विळा हातात घेतला, पण खरवडायचा धीर होईना.

"काऊन थांबून राहिले जी?" बायको ओट्यावरून ओरडली. "रंग पायजे का लाइट?"

खरवडलं, बोल्ट आवळला. सगळा ओटा उजळला आणि लेकीनं टकमक पाहत, मी दिव्यापाशी उभा होतो तिकडे मान वळवली.

"बापाले ओळखलं पोरीनं!" सासरे ओरडले. मीही छाती फुगवली.

आज वाटतं, तिनं आधी हेडलाइटलाच ओळखलं. माझा नंबर दुसरा.