लाल पेनानं खोडलेली कढई

उपासना सुटली होती, चर्चच्या ओसरीत सगळे चहा पीत होते. तिथं सरांनी माझ्या साक्षीवर लाल पेन मारला.

"प्रभू असं बोलत नसतो गं," ते म्हणाले. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सर आमच्या मंडळीचे पंच. चार पिढ्यांचे ख्रिस्ती, निवृत्त प्राध्यापक. मी सिल्लोडकडची, आमच्या घरात बाप्तिस्मा माझ्या आईपासूनचा. चिकलठाण्यात एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. जुन्या घराण्यांतले थेट उठून बोलतात. आम्ही नव्यांनी मात्र आधी कागदावर लिहून सरांना दाखवायचं.

मी लिहिलं होतं: आई वारली त्या आठवड्यात कामावर गेले. कढईपुढं बसले आणि हात उचलेना. जगावंसंच वाटेना. तेव्हा अगदी कानाशी कुणी म्हणालं, "मी हाय इथं. ऊठ, कढई घास." मागं कुणी नव्हतं. मी उठले. रडत रडत कढई घासली.

सरांनी ते खोडून वर लिहिलं, 'प्रभूने मला दिव्य सांत्वन दिले.' कढई गेली. आईसुद्धा गेली.

"हे मनाचे खेळ. देव कळायला अभ्यास लागतो," म्हणाले. बायका पदराआड हसल्या. मी "व्हय सर" म्हणाले. त्या 'व्हय'ची लाज मला अजून आहे.

सरांना बायबलचं मूळ ग्रीक येतं म्हणे. सुताराच्या घरात वाढलेला, कोळ्यांच्या पंगतीला बसणारा प्रभू यांच्या दारात आला की शुद्ध बोलायला लागतो! त्याच्याही बोलण्यावर हे लाल पेन मारतील.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सरांचा कागद घेऊन उभी राहिले. पहिलं वाक्य वाचलं आणि आईला दुसऱ्यांदा माती देतेय असं वाटलं. कागदाची घडी घातली. कढईचं सांगायला लागले.

"कागदावरचं वाचा," सर पुढच्या बाकावरून ओरडले. ओसरीत 'गं' होतं, माईकपुढं बरं अहोजाहो सुचलं!

"सर, कागद तुमचा हाय. आवाज मला आला व्हता."

त्यांनी माईक बंद करायला लावला. कँटीनच्या गोंगाटात बोलून माझा गळा तयार आहे. शेवटपर्यंत सांगितलं.

आता साक्षीच्या यादीतून माझं नाव काढलंय. खुशाल काढा. दर शेवटच्या रविवारी मी उभी राहते, कुणालाही कागद न दाखवता. मला देवानं ऊठ म्हटलंय. सरांनी बस म्हटलं म्हणून मी बसणार नाही.